मऊ जेलवर मूलपेशी वाढवताना: पृष्ठभागाच्या ताठरतेचा परिणाम कसा तपासावा

मूलपेशीपासून पुढे कोणत्या प्रकारची पेशी तयार होईल हे तिला मिळणाऱ्या रासायनिक संकेतांवर अवलंबून असते, हे जीवशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. ती ज्या पृष्ठभागाला चिकटून वाढते त्याच्या ताठरतेचाही तिच्या वाटचालीवर परिणाम होतो, ही गोष्ट मात्र रोज पेशी हाताळणाऱ्यांच्याही लक्षात सहसा राहत नाही. आपण नेहमी वापरतो त्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या डिशची ताठरता सुमारे ३ गिगापास्कल (म्हणजे ३० लाख किलोपास्कल) असते, तर मेंदूच्या ऊतीची ताठरता १ किलोपास्कलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. म्हणजे डिश त्या ऊतीपेक्षा सुमारे तीस लाख पटींनी ताठर आहे. तरीही प्रयोगाचा आराखडा करताना डिशवरच्या पेशींना आपण ‘सामान्य’ स्थितीतल्या पेशी मानतो, आणि गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

पेशींच्या हालचालीवर आणि त्यांच्या पकडीवर पृष्ठभागाच्या लवचिकतेचा परिणाम होतो, हे पेल्हम आणि वांग यांनी १९९७ मध्ये पॉलिॲक्रिलामाइड या कृत्रिम पदार्थाच्या जेलवर दाखवले. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डेनिस डिशर यांच्या गटाने तेच तंत्र मानवी मेसेन्कायमल मूलपेशींसाठी (अस्थी, मेद, कूर्चा अशा पेशी बनवू शकणाऱ्या मूलपेशींसाठी) वापरले. त्या शोधनिबंधाचे पहिले लेखक ॲडम एंगलर होते, आणि सहलेखकांपैकी शमिक सेन पुढे मुंबईत, पवईच्या आयआयटीत, याच विषयावर संशोधन करू लागले. या गटाच्या प्रयोगांत ०.१ ते १ किलोपास्कलच्या जेलवर पेशींत चेतापेशींची लक्षणे दिसली, ८ ते १७ किलोपास्कलवर स्नायूपेशींची आणि २५ ते ४० किलोपास्कलवर अस्थिपेशींची. सर्व जेलवर माध्यम एकच होते आणि लेपही कोलॅजन या प्रथिनाचाच होता.

असा प्रयोग साध्या पेशीसंवर्धन प्रयोगशाळेत उभा करायचा असेल तर काय करावे, हे पुढे सांगितले आहे. ताठरता बदलताना बाकी सारे जितके स्थिर राहील, तितकाच निष्कर्ष ताठरतेविषयीचा ठरतो. जेल ओतण्याचे काम एका दुपारी होते. खरी मेहनत बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवण्यात आणि त्या स्थिर राहिल्या हे दाखवण्यात आहे.

पेशीला ताठरता कशी कळते

ही यंत्रणा आधी समजून घेतलेली बरी, कारण नियंत्रण प्रयोग तिच्यावरूनच ठरतात. पेशी पृष्ठभागाला नुसती चिकटत नाही. ती त्याला सतत ओढत असते. पेशीपटलातील इंटिग्रिन ही प्रथिने बाहेरच्या कोलॅजनला धरतात, आतल्या बाजूने ॲक्टिनच्या तंतूंशी जोडली जातात, आणि मायोसिन-२ हे प्रथिन त्या तंतूंना आवळते. पृष्ठभाग मऊ असेल तर तो ओढीबरोबर सरकतो, तंतूंत ताण साठत नाही आणि पकडीची ठिकाणे लहान राहून विरून जातात. पृष्ठभाग ताठर असेल तर तो ओढीला विरोध करतो, पकडीच्या ठिकाणी व्हिन्क्युलिनसारखी प्रथिने जमतात, ॲक्टिनचे जाड जुडगे तयार होतात आणि पेशी पसरते. हा ताण केंद्रकापर्यंत पोहोचतो. इटलीतील पादुआ येथील स्तेफानो पिकोलो यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की ताठर पृष्ठभागावर यॅप आणि टॅझ ही जनुकांचे नियमन करणारी प्रथिने केंद्रकात जातात, तर मऊ पृष्ठभागावर ती बहुतांशी पेशीद्रवात राहतात. डिशर यांच्या गटाने २०१३ मध्ये केंद्रकाच्या आवरणातील लॅमिन-ए या प्रथिनाचे प्रमाण ऊतीच्या ताठरतेबरोबर वाढत जाते, हेही मांडले.

या साखळीत मायोसिन-२ हा कळीचा दुवा आहे. ब्लेबिस्टॅटिन या रसायनाने तो बंद केला की २००६ च्या प्रयोगात ताठरतेनुसार होणारे विभेदन, म्हणजे मूलपेशीचे विशिष्ट प्रकारच्या पेशीत रूपांतर, थांबले. त्यामुळे ताठरतेच्या कोणत्याही प्रयोगात ब्लेबिस्टॅटिन दिलेला एक गट आणि केवळ डीएमएसओ (ते विरघळवण्यासाठी वापरलेला द्रावक) दिलेला दुसरा गट असावाच, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्लेबिस्टॅटिन निळ्या प्रकाशात बिघडते आणि बिघडताना पेशींना अपाय करते, म्हणून या गटातल्या जिवंत पेशी निळ्या प्रकाशाखाली पाहू नयेत आणि प्लेट झाकून ठेवावी.

मिश्रण ठरवणे

सुरुवातीला तीन ताठरता पुरेशा आहेत. ॲक्रिलामाइडचे ४० टक्क्यांचे आणि बिस-ॲक्रिलामाइडचे २ टक्क्यांचे तयार द्रावण घ्यावे. ॲक्रिलामाइडची भुकटी तोलण्याच्या फंदात पडू नये, कारण साखळ्यांत न जुळलेले ॲक्रिलामाइड चेतासंस्थेला विषारी असते, ते त्वचेतून शरीरात शिरते आणि भुकटी हवेत उडते. द्रावण हाताळतानाही हातमोजे घालावेतच.

प्रत्येक वेळी १० मिलीलीटर मिश्रण करायचे आहे असे धरू. सर्वांत मऊ जेलसाठी ३ टक्के ॲक्रिलामाइड आणि ०.०६ टक्के बिस हे प्रमाण घ्यावे, म्हणजे पहिल्या द्रावणाचे ०.७५ मिलीलीटर, दुसऱ्याचे ०.३० मिलीलीटर आणि पीबीएस (पेशींना मानवणारे क्षारांचे बफर द्रावण) ८.८४ मिलीलीटर, याची ताठरता १ किलोपास्कलच्या आत येते. मधल्या जेलसाठी १० टक्के आणि ०.१ टक्का, म्हणजे २.५ मिलीलीटर, ०.५ मिलीलीटर आणि पीबीएस ६.८९ मिलीलीटर, याची ताठरता सुमारे १० किलोपास्कल भरते. ताठर जेलसाठी १० टक्के आणि ०.३ टक्के, म्हणजे २.५ मिलीलीटर, १.५ मिलीलीटर आणि पीबीएस ५.८९ मिलीलीटर, याची ताठरता ३५ किलोपास्कलच्या जवळपास असते. तिन्हींत शेवटी, जेल जुळवून आणण्यासाठी, १० टक्क्यांचे अमोनियम परसल्फेट १०० मायक्रोलीटर आणि टेमेड १० मायक्रोलीटर घालायचे असते. हे आकडे केवळ दिशा दाखवणारे समजावेत, कारण द्रावणाचे वय, तापमान आणि विरघळलेला प्राणवायू यांमुळे प्रत्येक प्रयोगशाळेत उत्तर थोडे वेगळे येते.

शक्य असेल तर ८ टक्के ॲक्रिलामाइड आणि ०.४८ टक्के बिस यांचे चौथे जेलही करावे (२.०, २.४ आणि ५.४९ मिलीलीटर). त्याची ताठरता सुमारे ४० किलोपास्कल, म्हणजे तिसऱ्या जेलच्या जवळपासच असते, परंतु त्याची घडण वेगळी असते. याची गरज एका जुन्या वादातून आली आहे. जेलची घडण बदलली की त्याची छिद्रे बदलतात, आणि छिद्रे बदलली की कोलॅजन जेलला किती ठिकाणी बांधले जाते तेही बदलते. मग पेशी ताठरता ओळखते की ही बांधणी? २०१२ मध्ये ट्रापमान आणि सहकाऱ्यांनी बांधणीच्या बाजूने पुरावा मांडला. २०१४ मध्ये एंगलर यांच्या गटाने ताठरता तीच ठेवून छिद्रे बदलली, तेव्हा मूलपेशींचे वागणे ताठरतेनुसारच राहिले. आपल्या तिसऱ्या आणि चौथ्या जेलवर पेशी सारख्याच वागल्या तर या शंकेला निदान आपल्या प्रयोगापुरते उत्तर मिळते.

जेल ओतणे आणि काचेला बांधणे

साध्या काचेवर ओतलेले जेल दोन दिवसांत सुटून तरंगू लागते, म्हणून खालची कव्हरस्लिप (पातळ काच) आधी तयार करावी लागते. ती स्वच्छ करून तिच्यावर अमिनोप्रोपिल-ट्रायएथॉक्सीसायलेनचा थर काही मिनिटे ठेवावा, नंतर ती पाण्याने अगदी मनापासून धुवावी आणि मग ०.५ टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये अर्धा तास ठेवावी. मधल्या धुण्यात कसर राहिली तर उरलेले सायलेन ग्लुटराल्डिहाइडशी संयोग पावते आणि काचेवर डाग किंवा साका धरतो. अशी काच वापरू नये. वरून झाकायची कव्हरस्लिप उलट गुणाची हवी, म्हणजे तिला जेल चिकटता कामा नये; त्यासाठी तिला डायक्लोरोडायमिथिलसायलेन लावतात. ही सर्व रसायने धुराड्याच्या कपाटातच हाताळावीत.

मिश्रणातील विरघळलेला प्राणवायू जेल जुळण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून परसल्फेट आणि टेमेड घालण्याआधी ते निर्वात पंपाखाली पंधरा ते तीस मिनिटे ठेवावे. नंतर ही दोन्ही घालून बुडबुडे न होऊ देता हलकेच ढवळावे आणि लगेच ओतावे. १८ मिलीमीटर व्यासाच्या कव्हरस्लिपवर २५ मायक्रोलीटर थेंब ठेवून वरून दुसरी काच टेकवली की सुमारे १०० मायक्रॉन जाडीचा थर मिळतो. जाडीचा हा हिशेब प्रत्येकाने स्वतः करून पाहावा, कारण थर फार पातळ झाला तर पेशीला जेलखालची काच जाणवते, आणि जेल मऊ असूनही पेशी ताठर पृष्ठभागावर असल्यासारखी पसरते. ५० मायक्रॉनहून पातळ थर मी स्वीकारत नाही.

उरलेले मिश्रण नळीतच ठेवावे. ते घट्ट झाले की काचेवरचे जेलही जुळले असे समजावे. याला साधारण अर्धा तास लागतो. मग सर्व पीबीएसमध्ये बुडवून ठेवावे आणि थोड्या वेळाने वरची काच बाजूने, सावकाश सरकवून काढावी. सर्वांत मऊ जेल या वेळी खरवसाच्या पातळ वडीसारखे फाटते, म्हणून त्याच्या दीडपट काचा आधीच करून ठेवाव्यात. त्यानंतर पीबीएस दोनतीनदा बदलून रात्रभर धुणे आवश्यक आहे. न जुळलेले ॲक्रिलामाइड त्यातून निघून जाते आणि जेल पाणी पिऊन पुरते फुगते. मोजमाप या फुगलेल्या स्थितीतच करायचे असते.

कोलॅजनचा लेप

पॉलिॲक्रिलामाइडला प्रथिने आपोआप चिकटत नाहीत. हा या पदार्थाचा मोठा गुण आहे, कारण पेशीला धरायला काय मिळेल ते आपण ठरवतो. कोलॅजन बांधण्यासाठी सल्फो-सॅनपाह हे प्रकाशाने जागे होणारे रसायन वापरतात. ते पाण्यात काही मिनिटांतच निकामी होऊ लागते, म्हणून थोड्या डीएमएसओमध्ये विरघळवून, ८.५ पीएचच्या हेपिस या बफर द्रावणात मिलीलीटरला ०.२ मिलीग्रॅम या प्रमाणात मिसळून लगेच जेलवर घालावे आणि ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली सुमारे दहा मिनिटे ठेवावे. भडक नारिंगी रंग तपकिरी झाला की क्रिया झाली असे समजावे. मग हेपिसने धुऊन तीच क्रिया एकदा पुन्हा करावी.

यानंतर टाइप-१ कोलॅजनचे मिलीलीटरला ०.१ मिलीग्रॅमचे थंड द्रावण घालून जेल रात्रभर ४ अंश सेल्सिअसला ठेवावे. येथे घाई करून ते ३७ अंशाला ठेवले आणि कोलॅजन दाट असले तर त्याचे तंतू बनतात. मग पेशी जेलऐवजी त्या तंतूंना ओढते आणि ताठरतेचा प्रश्नच बाजूला पडतो. दुसऱ्या दिवशी जेल धुवावे आणि निर्जंतुकीकरणासाठी पीबीएसमध्ये बुडवून पेशीसंवर्धनाच्या निर्जंतुक कपाटातील अतिनील दिव्याखाली ठेवावे.

प्रत्येक खेपेतील एकेक जेल कोलॅजनविरोधी प्रतिपिंडाने रंगवून त्याची चमक मोजणे ही पायरी बहुतेक जण टाळतात, आणि नेमकी तीच टाळू नये. मऊ जेलवर कोलॅजन कमी आणि ताठर जेलवर जास्त असेल, तर पेशी ताठर जेलवर पसरली यात ताठरतेचा वाटा किती, हे कोणालाही सांगता येणार नाही. चमकेत मोठा फरक दिसला तर पेशी पेरण्याआधीच थांबावे आणि लेपाची मात्रा जुळवून घ्यावी.

ताठरता स्वतः मोजणे

इतरांच्या तक्त्यातील आकडा आपल्या अहवालात लिहिणे योग्य नाही. अणुबल सूक्ष्मदर्शक मिळत असेल तर काही मायक्रॉन व्यासाच्या गोल टोकाने जेल हलके दाबावे आणि हर्ट्झच्या सूत्राने यंगचा गुणांक (ताठरतेचे माप) काढावा. दाबण्याची खोली थराच्या जाडीच्या दहाव्या भागाहून कमी ठेवावी, नाहीतर खालच्या काचेचा प्रतिकारही मोजला जातो. टोकदार सुई मऊ जेलमध्ये रुतते, म्हणून ती टाळावी. प्रत्येक जेलवर अनेक ठिकाणी मोजून पसारा नोंदवावा. हे यंत्र नसेल तर त्याच मिश्रणाचे जाड जेल करून रिओमीटरवर कातर गुणांक मोजावा आणि त्याची तिप्पट करावी. पाण्याने भरलेले हे जेल दाबल्यावर आकारमान फारसे बदलत नाही असे गृहीत धरल्यामुळे हे चालते. एकाच मालिकेत मात्र दोन्ही पद्धतींचे आकडे मिसळू नयेत.

पेशींची निवड आणि पेरणी

अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल मूलपेशी घ्याव्यात. २००६ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार त्यांच्यावर सीडी७३, सीडी९० आणि सीडी१०५ या खुणा असाव्यात आणि त्यांपासून अस्थी, मेद व कूर्चा या तिन्ही पेशी तयार होऊ शकल्या पाहिजेत. पेशी मानवी असतील तर भारतात २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या मूलपेशी संशोधन समितीची मान्यता कामाला हात घालण्याआधी घ्यावी.

पेशी जेलवर येण्याआधी कुठे आणि किती दिवस वाढल्या, याची नोंद फार मोलाची आहे. कोलोरॅडो विद्यापीठातील क्रिस्टी ॲन्सेथ यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की थोडा काळ ताठर पृष्ठभागावर राहिलेल्या मूलपेशी मऊ पृष्ठभागावर आल्या की यॅप केंद्रकाबाहेर येतो. पण दहा दिवस तशा राहिलेल्या पेशींत तो मऊ पृष्ठभागावरही केंद्रकातच टिकून राहतो. म्हणजे पेशीला मागच्या पृष्ठभागाची आठवण राहते, आणि आपल्या पेशी तर प्लास्टिकच्या बाटलीतूनच येतात. म्हणून सुरुवातीच्या पॅसेजमधील (बाटली बदलण्याच्या पहिल्या काही फेऱ्यांतील) पेशी वापराव्यात आणि सर्व जेलवर एकाच बाटलीतील पेशी एकाच दिवशी पेराव्यात.

चौरस सेंटिमीटरला १,००० ते ३,००० एवढीच विरळ पेरणी करावी. पेशी एकमेकींना भिडल्या की केवळ त्या स्पर्शामुळेच यॅप केंद्रकाबाहेर येतो, आणि मऊ जेलवर तर जवळची पेशी जेल ओढते ते शेजारणीला जाणवते. माध्यम एकच ठेवावे आणि त्यात डेक्सामेथासोनसारखे विभेदक पदार्थ घालू नयेत. २००६ च्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात अशा पदार्थांनी पेशींची दिशा पालटता आली, काही आठवड्यांनी मात्र नाही; त्यामुळे हे पदार्थ घालून ताठरतेशी तुलना करायची असेल तर तो स्वतंत्र गट असावा.

काय पाहावे आणि त्याचा अर्थ काय लावावा

चोवीस तासांनी पेशींचा आकार आणि पसारा पाहावा. मऊ जेलवर त्या लहान, गोलसर किंवा फांद्या फुटल्यासारख्या दिसतात आणि ताठर जेलवर रुंद व कोनदार होतात. हा फरक दिसला नाही तर पुढची खर्चिक तपासणी करू नये. बहुधा थर पातळ आहे किंवा लेप असमान आहे. त्यानंतर फॅलॉइडिनने ॲक्टिन, प्रतिपिंडाने व्हिन्क्युलिन आणि यॅप रंगवावेत. यॅप ‘दिसला’ एवढे लिहून भागत नाही. केंद्रकातील आणि पेशीद्रवातील चमकेचे गुणोत्तर प्रत्येक पेशीसाठी काढावे. छायाचित्रे मोजणाऱ्याला कोणते जेल कोणत्या ताठरतेचे आहे हे माहीत नसावे.

सातव्या दिवसानंतर स्नायूंसाठी मायोडी, अस्थींसाठी रनएक्स२ आणि अल्कलाइन फॉस्फटेज, चेतापेशींसाठी बीटा-३ ट्युब्युलिन या खुणा पाहाव्यात. आरएनए काढण्यापूर्वी प्रत्येक कव्हरस्लिप चिमट्याने उचलून कोऱ्या खोबणीत ठेवावी. जेलच्या कडेने घसरून खालच्या प्लास्टिकवर वाढलेल्या पेशी अन्यथा नमुन्यात येतात, आणि मऊ जेलवर पेशी मुळात कमी असल्यामुळे हीच भेसळ तिथे सर्वांत जास्त फसवते.

अर्थ लावताना संयम ठेवावा. बीटा-३ ट्युब्युलिन दिसले म्हणून ती पेशी चेतापेशी झाली असे नाही. चेतापेशीचे विद्युत वर्तन दाखवल्याशिवाय तो शब्द वापरू नये. २००९ मध्ये पॉल जॅनमी यांच्या गटाने सुमारे २५० पास्कलच्या जेलवर या मूलपेशी विभाजन थांबवून निद्रिस्त होतात, आणि योग्य संकेत मिळाले की पुन्हा जाग्या होतात, हे दाखवले. म्हणून मऊ जेलवर खुणा बदलल्या तर पेशींची संख्या आणि विभाजनाचे प्रमाणही सोबत मोजावे. पेशी वेगळ्या वाटेने गेली की नुसती थांबली, हे त्यावरूनच कळते. संख्याशास्त्रात एका जेलवरच्या दोनशे पेशी म्हणजे दोनशे प्रयोग नव्हेत. जेल स्वतंत्रपणे ओतलेली हवीत आणि शक्यतो पेशी देणारे दातेही एकाहून अधिक हवेत.

हे सारे सपाट पृष्ठभागापुरते आहे. पेशी जेलच्या आत कोंडली की हिशेब बदलतो. २०१० मध्ये डेव्हिड मूनी यांच्या गटाने अल्जिनेटच्या जेलमध्ये मूलपेशी ठेवल्या, तेव्हा ११ ते ३० किलोपास्कलच्या पट्ट्यात त्या अस्थींकडे वळल्या, पण त्यांचा आकार गोलच राहिला. २०१३ मध्ये जेसन बर्डिक यांच्या गटाने हायलुरोनिक आम्लाच्या जेलमध्ये पाहिले की पेशीला भोवतालचे जाळे विरघळवता आले तर ती अस्थीकडे जाते आणि आले नाही तर मेदाकडे. २०१६ मध्ये मूनी यांच्याच गटाने दाखवले की सुरुवातीची ताठरता समान असली तरी ताण लवकर सोडणाऱ्या अल्जिनेटमध्ये पेशी अधिक पसरतात आणि अस्थी अधिक बनते. पॉलिॲक्रिलामाइड ताण जवळजवळ सोडतच नाही, तर शरीरातील ऊती सोडतात. म्हणून त्रिमितीय जेलकडे वळताना सपाट जेलवरचा किलोपास्कलचा आकडा तसाच उचलू नये. नवे जेल ठरावीक प्रमाणात दाबून धरावे, त्याचा प्रतिकार निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजावे, आणि ताठरतेच्या आकड्याशेजारी तो वेळही लिहावा.